नाकाचं ऑपरेशन: दिसण्यासाठी की श्वासासाठी?

कुणी नाकाचं ऑपरेशन केलं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, हाड वाढलं होतं का नाक नीट करून घेतलं? हाड असेल तर बिचारा, आणि दिसण्यासाठी असेल तर मागे खुसुखुसु हसणं. आता तर डॉक्टर दोन्ही एकाच वेळी करतात, सेप्टोऱ्हायनोप्लास्टी म्हणतात त्याला, आतला वाकडा पडदाही सरळ आणि बाहेरचा आकारही. (आणि हो, "वाढलेलं हाड" बऱ्याचदा हाड नसतंच आणि वाढलेलंही नसतं, मधला कूर्चेचा, म्हणजे कानात असते तशा लवचिक भागाचा, पडदा एका बाजूला झुकलेला असतो.) पण ही दोन वेगळी कामं आहेत असं लोक मानायला लागले ते गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत.

सुश्रुतसंहितेत बघा. कापलेल्या नाकाएवढं झाडाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालाची कातडी सोडवायची पण एका बाजूला जोडलेली ठेवायची आणि नाकावर बसवायची. हे सगळे सांगतात. त्याच्यापुढचं फार कोणी सांगत नाही, की नवीन नाकात दोन नळ्या घालून ठेवायच्या. म्हणजे नाक नुसतं दिसून उपयोग नाही, त्यातून हवा गेली पाहिजे, हे तेव्हाही पक्कं माहीत होतं.

मग आपल्या पुण्याची गोष्ट. इंग्रज-टिपू लढाईत, १७९२ च्या सुमारास, कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला बैल हाकणारा टिपूच्या माणसांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच बिननाकाचा. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार म्हणू, एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं आणि मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते उभं राहून पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते सगळं छापून आलं, कावसजीच्या चित्रासकट. आणि काय बारकावे आहेत त्यात! मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो, मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची. टाके नाहीत, चिकटवायला काय तर कात, आपला विड्यातला कात, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती जोडणारी पट्टी कापायची. सुश्रुताच्या नळ्या आणि कुंभाराचे बोळे, काम एकच.

कावसजीचं नाव जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत आहे पण ज्याने ऑपरेशन केलं त्याचं नाव त्या लेखात कुणी लिहिलंच नाही, हे मला दरवेळी खटकतं.

तो लेख वाचून लंडनच्या जोसेफ कार्पूने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये जिवंत माणसावर तेच केलं. १८१८ मध्ये जर्मनीच्या ग्रेफेने 'ऱ्हिनोप्लास्टिक' नावाचं पुस्तक काढलं आणि ऱ्हायनोप्लास्टी हा आजचा शब्द तिथून रुळला.

इथपर्यंत सगळी गेलेल्या नाकांची भरपाई. असलेलंच नाक आवडत नाही म्हणून कापायचं, हे पुढचं. १८८७ मध्ये अमेरिकेच्या जॉन रोने चपट्या नाकाचा शेंडा नाकपुडीच्या आतून कमी केला, बाहेर व्रण नाही. १८९८ मध्ये बर्लिनच्या झाक जोसेफने, नाकाच्या आकाराची लाज वाटून घराबाहेर पडायला कचरणाऱ्या एका माणसाचं मोठं नाक लहान केलं आणि मग त्याच्याकडे रांगच लागली. सूत्र सोपं, उंचवटा काढा, हाडं आत दाबा, नाक बारीक.

दुसरीकडे कान-नाक-घसावाले त्याच सुमारास, १९०२ ला शिकागोत फ्रीअर आणि १९०४ ला जर्मनीत किलियन, वाकडा पडदा आतून काढायच्या मागे. ते दिसण्याकडे बघत नव्हते, जोसेफची मंडळी श्वासाकडे फार बघत नव्हती, आणि दोघांचेही पेशंट अडकले. पडदा जास्त काढला की नाकाचा बांधच खचतो, घोड्याच्या खोगिरासारखी खोच पडते, आणि वरून जास्त तासलं की मधली वाट चिमटते आणि फोटोत सुंदर पण रात्री तोंडाने श्वास. कारण नाकातली सगळ्यात अरुंद जागा, व्हॉल्व्ह म्हणतात ती, पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामधला जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन असतो. आरशासमोर गाल बाहेरच्या बाजूला ओढून श्वास घ्या, एकदम मोकळं वाटलं तर अडचण तिथे असू शकते. या टेस्टला शिकागोच्या मॉरिस कॉटलचं नाव आहे.

मग १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जॅक शीनने पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामधे कूर्चेच्या बारीक पट्ट्या पाचरीसारख्या बसवायची पद्धत मांडली, स्प्रेडर ग्राफ्ट. वाटही रुंद राहते आणि वरची रेघही सरळ दिसते. गंमत म्हणजे या पट्ट्या बऱ्याचदा त्याच वाकड्या पडद्यातून काढलेल्या तुकड्यांच्या असतात, म्हणजे एकीकडचं टाकाऊ दुसरीकडे कामाला.

मेडिक्लेमवाल्यांचं मात्र अजून जुनंच चालू, पडद्याचं बिल द्या, आकाराचं स्वतः भरा.