किनोसाकी: खोलीतल्या गरम पाण्याआधीचा खटला

किनोसाकीच्या र्‍योकानात म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहात उतरलेला पाहुणा संध्याकाळी अंघोळीला बाहेर पडतो. अंगात र्‍योकानने दिलेला युकाता म्हणजे सुती किमोनो, पायात लाकडी गेता, हातात टॉवेलची छोटी टोपली. ओतानी नदीच्या काठाने खटखट आवाज करत एकेक स्नानगृह गाठायचं. युकात्याची नक्षी र्‍योकानागणिक वेगळी, त्यामुळे पाहुणा कुणाकडे उतरलाय हे गावाला नुसतं बघून कळतं. जपानच्या ह्योगो प्रांतातल्या या गावात अशी सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. त्यांना म्हणतात सोतोयु, बाहेरचं गरम पाणी. र्‍योकानच्या आत असतं ते उचियु. आज र्‍योकान म्हटलं की आपल्याला खोलीला जोडलेलं खासगी कुंडच आठवतं, पण या गावात आतलं पाणी मिळवायला 23 वर्षांचा कोर्टकज्जा झाला.

मुळात मुक्काम आणि गरम पाणी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, वाटसरूंसाठी हातागो असत, तिथे झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळे. आजच्या र्‍योकानांची ‘एक रात्र, दोन जेवणं’ ही पद्धत तिथलीच. त्याहून स्वस्त किचिन-यादो. किचिन म्हणजे सरपणाचे पैसे. ते द्यायचे आणि आपला भात आपणच शिजवायचा. गरम झर्‍यावर लोक जात ते दुखणं घेऊन. या जलोपचाराला तोजी म्हणत आणि सात दिवसांची एक फेरी धरत. किनोसाकीत पाणी सापडलं ते दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस केलेल्या प्रार्थनेमुळे, 720 साली, अशी आख्यायिका आहे. अशा पाण्यावर एकट्याची मालकी कोण सांगणार? ते अख्ख्या गावाचं.

1909 मध्ये रेल्वे आली, पाहुणे वाढले. मग 23 मे 1925 चा भूकंप आणि पाठोपाठची आग यांत गाव बेचिराख झालं. नव्याने उभारणी चालू असतानाच, 1927 मध्ये, मिकिया या जुन्या र्‍योकानने आपल्या आवारात गरम पाणी काढून उचियु करायचं ठरवलं. जमीन माझी, तर खालचं पाणीही माझं, हा त्यांचा मुद्दा. गाव बिथरलं. एकाने उपसलं की सोतोयुचं पाणी आटणार, आणि पाहुणा आतच अंघोळ करायला लागला तर रस्त्यावरच्या दुकानांत कोण येणार? दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. प्रकरण कोर्टात गेलं, महायुद्ध येऊन गेलं, तरी ते चालूच होतं.

1950 मध्ये तडजोड झाली. पाणी गावाच्या सामाईक मालकीचं राहील, र्‍योकानांना उचियुची मुभा मिळेल, मात्र कुंडाच्या आकाराला मर्यादा असेल. पुढे बोअर मारून पाणी वाढवलं गेलं, आणि 1972 पासून वेगवेगळ्या झर्‍यांचं पाणी एकत्र करून नळांनी सोतोयु आणि र्‍योकान दोघांनाही पुरवलं जाऊ लागलं. दार लावून एका कुटुंबाने वापरायच्या काशिकिरी कुंडातही तेच सामाईक पाणी येतं.

इतर ओन्सेन म्हणजे गरम झऱ्यांच्या गावांतल्या प्रशस्त हॉटेलांतून इथे आलेल्याला र्‍योकानातलं कुंड जरा लहानच वाटतं. मालकाने हात आखडता घेतलेला नाही, करारच तसा आहे.