साकामोतो क्यू

साकामोतो क्यू (१० डिसेंबर १९४१ – १२ ऑगस्ट १९८५) : जपानी गायक, नट आणि टीव्हीवरचा निवेदक. जपानबाहेर लोक त्याला ‘सुकियाकी’ या एका गाण्यापुरतं ओळखतात, जपानमध्ये मात्र तो घराघरातला ‘क्यू-चान’. त्याच्यावरच्या बऱ्याच इंग्रजी नोंदी त्या एका गाण्यापाशीच संपतात, त्यामुळे निम्मा माणूस बाहेरच राहतो.

जन्म कावासाकीचा, म्हणजे टोकियो आणि योकोहामाच्या मधलं कारखान्यांचं शहर. नऊ भावंडांतलं हे नववं, नाव लिहायचं तेही नऊच्या चिन्हानं. घरी त्याचा उच्चार हिसाशी, बाहेर क्यू. युद्धाच्या काळात आई मुलांना घेऊन माहेरी, इबाराकीतल्या कासामाला गेली. पुढे आईवडील वेगळे झाले तेव्हा कागदोपत्री आडनाव आईकडचं ओशिमा झालं पण स्टेजवर साकामोतोच चाललं.

शाळकरी वयातच अमेरिकी रॉक गायक एल्विस प्रेस्लीचं वेड लागलं. १९५८ मध्ये ‘द ड्रिफ्टर्स’ या बँडमधून (अमेरिकेतला त्याच नावाचा ग्रुप वेगळा) टोकियोच्या निचिगेकी थिएटरातल्या वेस्टर्न कार्निव्हल या गाण्यांच्या जलशाला तो उभा राहिला आणि वर्ष संपायच्या आत डॅनी ईदाच्या पॅरडाइज किंग या बँडमध्ये गेला. १९६० चं ‘कानाशिकी रोकुजुस्साई’ हे पहिलं मोठं हिट, मूळ चाल ‘मुस्तफा’ या परदेशी गाण्याची.

मग आलं ‘उए ओ मुईते आरुको’, म्हणजे वर बघत चालू या, डोळ्यातलं पाणी सांडू नये म्हणून. शब्द एई रोकुसुकेचे, संगीत नाकामुरा हाचिदाईचं. रोकु, हाचि, क्यू म्हणजे सहा, आठ, नऊ, म्हणून हे त्रिकूट ६-८-९ म्हणूनच ओळखलं जातं. हे गाणं सुचलं कशावरून यावर मात्र एकमत नाही. एक कथा प्रेमभंगाची, नटी नाकामुरा मेइको एईला मिळाली नाही त्याची. दुसरी राजकीय आहे: १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत प्रचंड मोर्चे निघाले, करार तरीही झालाच, आणि त्या पराभवानंतर घरी परतताना एईला या ओळी सुचल्या म्हणे. मेइकोचं लग्न १९५७ मध्येच झालं होतं आणि गाणं रंगमंचावर आलं १९६१ च्या जुलैत, नाकामुरा हाचिदाईच्या कार्यक्रमात, त्यामुळे काळाच्या हिशोबानं दुसरी कथा जास्त पटते. अर्थात शब्दांत मोर्च्याचा मागमूस नाही, एकटा माणूस आणि रात्र एवढंच, आणि म्हणूनच ते कुणालाही आपलं वाटलं असावं.

गाण्याच्या ढंगावरूनही वाद आहे. क्यू ‘मुइते’ असं सरळ म्हणत नाही, ‘मु-उ-इते’ असा अक्षर फोडून, मध्ये उचकीसारखा झटका देत गातो. आपल्या शब्दांची ही काय वाट लावली म्हणून एई सुरुवातीला भडकला होता, हे त्यानेच नंतर सांगितलंय. बरेच जण हा झटका एल्विस आणि बडी हॉलीकडून आलेला मानतात, काही जण घरात कानावर पडलेल्या पारंपरिक जपानी गायकीकडे बोट दाखवतात. दोन्ही खरं असू शकतं, पण रॉकाबिलीचं (एल्विस आणि हॉलीच्या त्या रॉक-ढंगाचं) पारडं जड वाटतं. रेकॉर्ड ऑक्टोबर १९६१ मध्ये बाजारात आली आणि एनएचके वाहिनीच्या ‘युमे दे आइमाशो’ या शोमुळे देशभर पोचली.

परदेशात ती गेली आडवाटेनं. ब्रिटनच्या पाय रेकॉर्ड्सचा लुई बेंजामिन जपानला आला होता, त्याला चाल आवडली, ती त्याने केनी बॉलच्या जाझ बँडकडून शब्दांशिवाय वाजवून घेतली आणि मूळ नाव तिकडच्या लोकांना झेपणार नाही म्हणून नाव ठेवलं ‘सुकियाकी’. सुकियाकी हा मटण नव्हे, बीफचा पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही! अमेरिकेत क्यूची मूळ रेकॉर्ड पहिल्यांदा वाजवल्याचं श्रेय बहुतेक ठिकाणी वॉशिंग्टन राज्यातल्या पॅस्कोच्या केओआरडी रेडिओवरच्या रिच ऑसबर्नला दिलं जातं. ऐकणाऱ्यांचे फोन येऊ लागले, कॅपिटॉल कंपनीनं रेकॉर्ड काढली आणि १५ जून १९६३ ला ती बिलबोर्ड या अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली, तिथे तीन आठवडे राहिली. त्यानंतर जपानी भाषेतलं दुसरं गाणं तिथवर पोचलेलं नाही. जगभरात एक कोटी तीस लाख प्रती खपल्याचा आकडा सगळीकडे फिरतो, तो अंदाजच समजावा. पुढचं ‘चायना नाइट्स’ ५८ पर्यंतच चढलं.

देशात मात्र हिट येत राहिले : ‘मिआगेते गोरान योरु नो होशि ओ’, ‘आशिता गा आरु सा’, आणि १९६४ चं टाळ्या वाजवायला लावणारं ‘शिआवासे नारा’, ज्याची चाल आपल्याकडच्या इंग्लिश मीडियमच्या पोरांना ‘इफ यू आर हॅपी’ म्हणून पाठ असते. एनएचकेच्या वर्षअखेरच्या कोहाकु या बायका विरुद्ध पुरुष अशा गाण्याच्या शोमध्ये तो १९६१ ते १९७१ सलग अकरा वेळा होता, १९६८ आणि १९६९ ला पुरुषांच्या पांढऱ्या टीमचा निवेदकही तोच. त्याच्या नावाचाच ‘क्यू-चान!’ हा विनोदी शो, १९७३–७५ मधल्या ‘शिन हाक्केन्देन’ या बाहुल्यांच्या मालिकेतलं निवेदन, नव्या गायकांची स्पर्धा ‘स्टार तान्जो!’, हे सगळं टीव्हीवरचं काम. चेहऱ्यावर पुटकुळ्या, दात दाखवून हसू, शेजारच्या पोरासारखा माणूस, पडद्यावर हेच चाललं.

१९७१ मध्ये त्याने नटी काशिवागी युकिको हिच्याशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. १९७६ पासून होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोच्या एसटीव्ही वाहिनीवर अपंगांसाठीच्या कामावरचा ‘सन्डे क्यू’ हा कार्यक्रम तो शेवटपर्यंत करत होता आणि खाणाखुणांच्या भाषेत गाणंही म्हणायचा. होक्काइदोतल्या कुरियामाला त्याचं स्मृतिसंग्रहालय आहे ते याच नात्यातून.

१२ ऑगस्ट १९८५ ला दिवसा रेडिओचं रेकॉर्डिंग आटोपून तो हानेदाहून ओसाकाला निघाला, जपान एअरलाइन्सचं फ्लाइट १२३. आधी नीट न झालेल्या दुरुस्तीमुळे केबिनमधल्या हवेचा दाब धरून ठेवणारी मागची भिंत फाटली आणि विमान गुन्मातल्या डोंगरावर आदळलं. ५२४ पैकी ५२० मेले, चार वाचले. क्यू ४३ वर्षांचा होता.

‘सुकियाकी’ इंग्रजी शब्दांत १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकी बँडनं गायलं, ते अमेरिकेत तिसऱ्या नंबरावर गेलं. ६९८० नंबरच्या लघुग्रहाला त्याचं नाव आहे. केइक्यू कावासाकी स्टेशनवर गाडीच्या वेळी त्याच गाण्याची धून वाजते, आणि २०११ च्या भूकंपानंतर सनटोरी या पेयांच्या कंपनीच्या जाहिरातीत बऱ्याच कलाकारांनी मिळून ते पुन्हा गायलं होतं.