वाटीमागची चकती

"सपाटीला काही नाही रे, पण वट्ट्यावरून उतरले की वाटीत कटकट वाजायलंय," परभणीची आत्या म्हणाली. गुडघ्याचा सांधा बदलून चार वर्षं झालेली. समोरून काढलेला एक्स-रे झकास होता, म्हणून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या होत्या.

मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर बैठक, मध्ये प्लॅस्टिक, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. वाटीचं मात्र सगळे सर्जन एकसारखं करत नाहीत. काही जण ती तशीच ठेवतात, काही जण मागची बाजू कापून तिथे पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती बसवतात. त्यावर त्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. मुळात वाटीची जाडी 22 ते 25 मिलिमीटर. कापल्यावर उरतं जेमतेम 12 ते 15, आणि त्यातच चकतीच्या खुंट्यांसाठी भोकं पाडायची.

चकतीला धरून ठेवतं ते 'बोन सिमेंट', म्हणजे एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक. ते डिंकासारखं चिकटत नाही. ओलं असताना हाडाच्या जाळीत घुसतं आणि काही मिनिटांत कडक होऊन अडकून बसतं, खडबडीत भिंतीला गिलावा धरतो तसं. हाड पोचट असेल किंवा कापलेली बाजू टणक, गुळगुळीत निघाली तर पकड कच्चीच राहते.

त्यात भार. पायऱ्यांवर वाटीवर अंगाच्या वजनाच्या साधारण तिप्पट दाब येतो, उकिडवं बसलं की सात-आठ पट. आत्या मनाई असूनही खुरपायला बसायची, हे तिनं नंतर सांगितलं. वाटी खोबणीतून कडेला सरकत असेल तर एका काठावर दाब येतो आणि दुसरा काठ उचकटतो. प्लॅस्टिक झिजून जो बारीक भुगा पडतो, त्याला हुसकायला निघालेल्या आपल्याच पेशी भोवतीचं हाड पोखरतात. वाटीचा रक्तपुरवठा तुटला तर हाडच मरतं. तरीही चकती सुटणं विरळाच, म्हणून शंका उशिरा येते.

प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, आणि समोरून पाहिलं तर धातूची टोपी सगळंच झाकते. गुडघा वाकवून वाटीच्या रेषेत काढलेला 'स्कायलाइन' एक्स-रे लागतो. आत्याच्या त्या एक्स-रेत सिमेंट आणि हाडाच्या मध्ये काळी रेघ दिसली, म्हणजे पकड सुटल्याची खूण.

दुखत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. दुखत असेल आणि हाड पुरेसं असेल तर नवी चकती. हाड फार पातळ उरलं असेल तर सुटलेली काढून वाटी घासून सारखी करतात. पण आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावं लागतं. आत्याच्या गुडघ्यातलं पाणी काल तपासायला गेलंय.