वालांडरच्या अस्वस्थतेमागचा स्वीडन

ईस्टाड हे स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. पोलंडला जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात. हेनिंग मांकेल या स्वीडिश लेखकाच्या कादंबऱ्यांचा नायक कुर्ट वालांडर इथल्या पोलिसांत आहे. बायको सोडून गेलेली, झोप उडालेली, दारू जरा जास्तच, पुढे मधुमेह. असे खचलेले तपास अधिकारी आता टीव्हीवर इतके झालेत की त्याचं दुःखही ठरीव वाटू शकतं. पण त्या दुःखाला तारखा आहेत.

२८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीबरोबर सिनेमा पाहून चालत घरी निघाले होते. सोबत अंगरक्षक नव्हता. स्टॉकहोमच्या भर रस्त्यात त्यांना गोळी घातली गेली. पुढे एकाला शिक्षा झाली, तीही अपिलात रद्द झाली. पंतप्रधानाचा खुनी सापडत नाही, हे त्या देशाला पचलं नाही. दोन वर्षांनी ईस्टाडच्या शेजारच्या श्योबोने सार्वमत घेऊन निर्वासितांना आपल्या हद्दीत जागा नाकारली.

हेनिंग मांकेल आफ्रिकेत बराच काळ राहून परतले, तेव्हा हा वाढता परकेद्वेष त्यांना असह्य झाला. त्यातून १९९१ ची पहिली वालांडर कादंबरी आली. एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर हल्ला होतो, मरता मरता बाई 'परदेशी' एवढंच पुटपुटते, ते बाहेर फुटतं आणि निर्वासितांवर हल्ले सुरू होतात. त्याच वर्षी ऑगस्टपासून एक माणूस खरोखरच स्थलांतरितांवर गोळ्या झाडत सुटला. पाच-सहा महिन्यांत त्याने अकरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांतला एक मेला.

पोलीसकथेतून समाजाची झाडाझडती घेण्याची वाट मै शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये दहा कादंबऱ्या लिहून पाडली होतीच. मांकेल यांनी ती राजधानीतून काढून शेतांमध्ये, बंदरावर नेली. मला हे त्यांचं मोठं काम वाटतं, कारण द्वेष तिथेही तितकाच घरचा होता.

पडद्यावर १९९४ पासून रॉल्फ लासगोर्ड आणि २००५ पासून क्रिस्टर हेन्रिक्सन वालांडर झाले. हेन्रिक्सन यांच्या मालिकेतल्या बहुतेक कथा नव्याने रचलेल्या आहेत, त्यामुळे राजकारण जरा मागे पडतं. तरीही थकवा चेहऱ्यावर न मिरवणारा त्यांचा वालांडर मला सर्वांत खरा वाटतो. बीबीसीने २००८ मध्ये केनेथ ब्रॅना यांना घेऊन इंग्रजी मालिका केली, चित्रीकरण मात्र ईस्टाडमध्येच. २००९ च्या कादंबरीत मांकेल यांनी वालांडरला अल्झायमर दिला. हेन्रिक्सन आणि ब्रॅना यांच्या मालिका, अनुक्रमे २०१३ आणि २०१६ मध्ये, तिथेच संपतात.