व्हर्च्युअल मशीनवर जुने जपानी संगणकीय खेळ

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. प्रत्यक्ष यंत्रावरील प्रणालीला होस्ट आणि आतल्या प्रणालीला गेस्ट म्हणतात. गेस्ट प्रणालीला स्वतःची मेमरी, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह आहे असे भासते, प्रत्यक्षात तिची डिस्क ही होस्टवरील एक मोठी फाइल असते. १९९९ साली आलेले व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि २००७ पासून उपलब्ध असलेले व्हर्च्युअलबॉक्स ही या कामाची परिचित साधने होत. जुने खेळ चालवण्यासाठी त्यांचा वापर अनेक प्रकारे होतो. त्यांतील विंडोज ९५ ते विंडोज एक्सपी या काळातील जपानी खेळांचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे, कारण तेथे जुनेपणा आणि परकी भाषा या दोन्ही अडचणी एकत्र येतात.

भाषेची अडचण अक्षरांच्या संकेतनातून, म्हणजे अक्षरांना संगणकात क्रमांक देण्याच्या पद्धतीतून, उद्भवते. त्या काळातील बहुसंख्य जपानी खेळ सर्व लिप्यांना सामावणारे युनिकोड न वापरता शिफ्ट-जिस हे जपानी संकेतन वापरत. विंडोजमध्ये अशा संकेतन-तक्त्याला कोड पेज म्हणतात आणि याचा क्रमांक ९३२ आहे. यात कांजी, म्हणजे जपानीतील चिनी मूळचे अक्षर, दोन बाइटांचे असते, आणि प्रणालीची भाषा जपानी नसेल तर ते दोन बाइट दोन वेगळी पाश्चात्त्य अक्षरे म्हणून वाचले जातात. पडद्यावर दिसणाऱ्या या निरर्थक चिन्हांच्या रांगांना जपानीत मोजिबाके म्हणतात. वाचता न येणारे संवाद हा त्यातला सौम्य परिणाम होय. काही अक्षरांचा दुसरा बाइट सोळा-आधारी पद्धतीत ५सी असतो आणि हाच आस्की या मूळ इंग्रजी संकेतनात उलट्या तिरप्या रेघेचा, म्हणजे विंडोजमधील फोल्डर वेगळे करणाऱ्या चिन्हाचा, क्रमांक आहे. कातकाना या जपानी लिपीतील ‘सो’ हे साधे अक्षर या गटात मोडते. त्यामुळे जपानी नावाची फाइल उघडताना नावाच्या मधोमध फोल्डर बदलला असा प्रणालीचा समज होतो, फाइल सापडत नाही आणि खेळ बंद पडतो. खेळाला हवा असलेला एमएस गॉथिक हा फाँट जपानी नावाने मागितला जात असल्यास तोही मिळत नाही.

विंडोज २००० पासून युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमांसाठीची भाषा बदलण्याची सोय आहे, पण ती संपूर्ण प्रणालीला लागू होते आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मराठी वापरकर्त्यासाठी हा मुद्दा गौण नाही. प्रणालीची भाषा म्हणून निवडता येईल असे देवनागरीचे कोड पेज विंडोजमध्ये कधीच नव्हते. म्हणून श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले. अशा फाँटांतील मजकूर वापरणाऱ्या संगणकाची भाषा खेळासाठी जपानी केली, तर त्या मजकुराचे वरच्या जागांवरील (१२७ हून मोठ्या क्रमांकांचे) बाइट कांजीचे तुकडे म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. एकाच प्रोग्रॅमपुरती भाषा बदलणारी लोकेल एम्युलेटरसारखी साधने हा धोका टाळतात आणि केवळ भाषेचीच अडचण असेल तेथे तीच आधी वापरून पाहावीत. खेळ जुना असेल तर मात्र ती अपुरी पडतात.

याचे कारण असे की आजची ६४-बिट विंडोज १६-बिट, म्हणजे विंडोज ९५ पूर्वीच्या पिढीचे, प्रोग्रॅम चालवत नाही. विंडोज ९५ च्या काळातील अनेक खेळ स्वतः ३२-बिट असले, तरी त्यांचा सीडीवरील इन्स्टॉलर १६-बिट असे, आणि खेळ दारातच अडतो. सेफडिस्कसारख्या नक्कल-प्रतिबंधक व्यवस्थेला लागणारा ड्रायव्हर (प्रणालीला जोडणारा साहाय्यक प्रोग्रॅम) विंडोज १० मधून वगळण्यात आला. २५६ रंगांच्या ठरावीक संचावर (पॅलेटवर) आधारलेली चित्रेही आजच्या प्रणालीवर कित्येकदा चुकीच्या रंगांत उमटतात.

गेस्ट म्हणून ३२-बिट विंडोज एक्सपी निवडणे बहुधा सर्वांत सोयीचे ठरते. तिच्या बिगर-जपानी आवृत्तीत पूर्व आशियाई भाषांच्या सुमारे २३० एमबी फायली वेगळ्या बसवाव्या लागतात. त्यानंतर भाषा जपानी केली की इन्स्टॉलर, फाँट आणि फाइलनावे या तिन्ही अडचणी बहुतांशी सुटतात, आणि होस्टला कशाचीही झळ लागत नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये कोड पेज बदलता येत नसल्याने त्यांची जपानी आवृत्तीच हवी. शिवाय या प्रणाली आजच्या वेगाला तयार नाहीत: २.१ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसरवर विंडोज ९५ सुरू होतानाच कोसळते आणि विंडोज ९८ ला ५१२ एमबीहून अधिक मेमरी दिल्यास ती अडखळते. व्हर्च्युअल मशीन गेस्टच्या सूचना खऱ्या प्रोसेसरवरच चालवत असल्यामुळे प्रोसेसरच्या वेगाचा दोष तेथेही उतरतो.

त्रिमितीय चित्रे ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. संवादप्रधान, स्थिरचित्रांच्या खेळांना ती जाणवत नाही, पण डायरेक्टथ्रीडी ही विंडोजची त्रिमितीय चित्रांची यंत्रणा वापरणाऱ्या खेळांना जाणवते, कारण व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ आवृत्तीपासून एक्सपीसाठीचे त्रिमितीय प्रवेगन, म्हणजे ती चित्रे ग्राफिक्स कार्डाकडून वेगाने काढून घेण्याची सोय, काढून टाकले आहे. संगीताबाबतही सावध राहावे लागते. अनेक खेळांचे पार्श्वसंगीत सीडीवर स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या रूपात असते आणि आयएसओ स्वरूपाच्या प्रतीत (सीडीच्या माहितीची एकाच फाइलमधील प्रत) त्या पट्ट्या येतच नाहीत, म्हणून खेळ चालतो पण संगीताविना.

एनईसी कंपनीच्या, १९८२ साली सुरू झालेल्या पीसी-९८०० मालिकेचे खेळ मात्र या पद्धतीच्या कक्षेबाहेर आहेत. त्या संगणकांत इंटेलच्या ८०८६ घराण्यातील किंवा तिच्याशी सुसंगत प्रोसेसर असले, तरी त्यांचे चित्र आणि ध्वनी यांचे परिपथ आयबीएम पीसीहून भिन्न होते, आणि व्हर्च्युअल मशीन केवळ आयबीएम पीसीच्या वंशातील यंत्र उभे करते. तोहो मालिकेचे पहिले पाच खेळ या संगणकांसाठी होते. २००२ मधील सहाव्यापासून ती विंडोजवर आली. पहिल्या पाचांसाठी नेको प्रोजेक्ट २ किंवा डॉसबॉक्स-एक्स यांसारखा, यंत्राचा प्रत्येक भाग सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घडवणारा एम्युलेटर लागतो.

विंडोज एक्सपीचा सुरक्षा-पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला असल्याने गेस्टचे नेटवर्क बंद ठेवणे हिताचे असते. खेळाच्या फायली आयएसओ प्रतीतून आत नेता येतात. गेस्ट प्रणालीसाठीही वैध परवाना आवश्यक असतो. प्रणाली आणि खेळ बसवून झाल्यावर लगेच एक स्नॅपशॉट (गेस्टच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेऊन ठेवावा, म्हणजे पुढे एखाद्या चुकीच्या ड्रायव्हरने बिघाड केला तरी क्षणात मूळ स्थितीत परतता येते. त्या परतीबरोबर नंतर साठवलेली खेळातली प्रगतीही पुसली जाते, म्हणून सेव्ह फायली आधी बाहेर काढून ठेवणे आवश्यक असते.