गाजर कधी उपटायचं? ओंटारिओतल्या परसबागेसाठी

सप्टेंबर सरत आला आणि रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारं दंव, पडणार अशी बातमी आली, की आमचा फोन वाजू लागतो. "आजच सगळं काढून घेऊ का?" सगळं नको. काही कंद त्या एका रात्रीत वाया जातात, तर काहींना खरी चव त्यानंतरच येते.

आधी रताळी

खरी घाई यांचीच. माती १२ अंशांच्या खाली जाऊ लागली की रताळं आतून बिघडतं. वरून धड दिसतं, पण कितीही शिजवा, मधला भाग कडकच राहतो. म्हणून फ्रॉस्टच्या आधीच खणा. वेल काळा पडलाच, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. काढलेली रताळी न धुता, घरातल्या सर्वांत उबदार आणि दमट जागी आठवडा-दहा दिवस पसरून ठेवा. खणताना लागलेले ओरखडे तेवढ्यात भरून येतात. गोडी त्यानंतर काही आठवडे मुरत जाते. नवरात्रात ताज्या काढलेल्या रताळ्याचा कीस सपक लागतो तो यामुळेच. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका.

हळदीच्या आणि अळूच्या कुंड्याही याच वेळी घरात घ्या.

बटाटा

फ्रॉस्टने पाला करपला तरी घाबरू नका, मातीखालचे बटाटे शाबूत असतात. उलट पाला मेल्यावर साधारण दोन आठवडे थांबा, म्हणजे साल घट्ट होते. एक बटाटा काढून अंगठ्याने चोळा. साल सुटली तर अजून थांबायचं. साल सुटत असतानाच काढलेले बटाटे खायला उत्तम, पण टिकत नाहीत. उघडे राहून हिरवे पडलेले असतील ते खाऊ नका.

गाजर

पाकिटावर ६५ ते ७५ दिवस लिहिलेले असतात आणि ते पेरल्यापासून मोजायचे. पण तो हिशोब मोठ्या दिवसांचा आहे. जुलैच्या मध्यावर पेरलेल्या गाजराला सप्टेंबरात ऊन कमी पडतं, तेव्हा दोन आठवडे जास्तच धरा. पाल्याच्या उंचीवर जाऊ नका. पाला गुडघ्याला लागतो आणि खाली करंगळीएवढं गाजर असतं. बुडाशी बोटाने माती बाजूला सारून पाहा. बुडखा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद आणि पुरता केशरी असेल, तर एक उपटून तिथेच खाऊन बघा.

चांगलं लागलं तरी सगळी ओळ उपटू नका. थंडी वाढली की गाजर साठवलेल्या स्टार्चची साखर करतं. पेशींतलं पाणी लवकर गोठू नये म्हणून त्याची ती सोय असते. हलव्याची गाजरं आम्ही दसऱ्याला काढत नाही, दिवाळीच्या सुमारास काढतो. साखर कमी घालावी लागते.

जमीन गोठण्याआधी ओळीवर ३० सेंटीमीटर कोरड्या पानांचा थर द्या. नाहीतरी ती पानं तुम्ही कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवताच. त्या थराखालून डिसेंबरातही गाजरं निघतात. वसंतात नवी पालवी फुटण्याआधी उरलेली काढा, नाहीतर झाड फुलावर येतं आणि आतला दांडा लाकडासारखा होतो.

पार्सनिपलाही (गाजरासारखाच पांढरट कंद) हेच लागू, फक्त दोन-तीन कडक फ्रॉस्ट झाल्याशिवाय त्याला हातच लावू नका. पाला कापताना हातमोजे घाला. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात.

मुळा आणि बीट

लाल गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. आठवडाभर विसरलात की आतून पोकळ. लांब पांढरा मुळा निम्मा मातीबाहेर डोकावतो, आणि कडाक्याच्या रात्री नेमका तोच भाग काचेसारखा होऊन मग सडतो. हलका फ्रॉस्ट तो सोसतो, पण कडाक्याच्या रात्रींआधी मातीची भर देऊन घ्या. बीट पाच ते सात सेंटीमीटरचं झालं की काढावं. फार मोठं होऊ दिलेलं बीट किसायला बरं, कोशिंबिरीला नाही.

काढल्यावर

हाताने खेचू नका, बाजूला बागेचा फोर्क घालून माती सैल करा. गाजराचा पाला तिथेच कापून टाका. तो राहिला तर पाणी ओढून घेतो आणि गाजरं लिबलिबीत होतात. बिटाला मात्र दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवा, म्हणजे शिजताना रंग वाहून जाणार नाही. दोन्ही न धुता ओलसर वाळूत थर लावून गॅरेजच्या गार कोपऱ्यात ठेवा, पण गोठणार नाही अशा जागी. शेजारी सफरचंदांची पेटी नको, त्यांच्या वायूने गाजर कडू होतं.