छंद म्हणून विमान शिकायचंय? एसपीएल आणि पीपीएलसाठी काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. मी ग्राउंड स्कूलमध्ये हवाई नियम आणि हवामानशास्त्र शिकवतो, त्यामुळे ओळखीतून ओळख काढत लोक विचारतात. पलीकडे बहुतेक वेळा वडील असतात. पहिला प्रश्न फीचा, दुसरा हप्त्यांचा. मी मात्र आधी विचारतो, "मुलाची रंगांची तपासणी कधी केली आहे का?"

याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. हुशार आणि मेहनती. घरच्यांनी कर्ज काढून एका संस्थेत पहिला हप्ता भरून टाकला होता, मेडिकल नंतर बघू म्हणून. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक समोर धरलं. पहिल्या चित्रातला १२ सगळ्यांनाच दिसतो, त्यालाही दिसला. पुढे एक चित्र येतं, त्यात आपल्याला ७४ दिसतो. त्याने शांतपणे सांगितलं, "२१." लाल-हिरव्यात गल्लत असणाऱ्यांना त्या पानावर २१ दिसतो, आणि त्याला सोळाव्या वर्षापर्यंत याची कल्पनाही नव्हती. भरलेले पैसे परत मिळवण्यात पुढचे कित्येक महिने गेले, आणि तेही पूर्ण मिळाले नाहीत.

म्हणून या लेखात अटींपेक्षा क्रमावर भर दिला आहे. अटी सोप्या आहेत. लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे.

दोन परवाने, दोन वेगळी कामं

भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला. परवान्यांच्या अटींचा मूळ आधार मात्र १९३७ चे विमान नियम आणि त्यांची दुसरी अनुसूची. डीजीसीएच्या संकेतस्थळावर ती मिळते. एकदा स्वतः वाचा, फार मोठी नाही.

विद्यार्थी वैमानिक परवाना, म्हणजे एसपीएल, हा शिकण्याचा परवाना. वय किमान १६ पूर्ण, शिक्षण दहावी पास आणि वैद्यकीय तंदुरुस्ती एवढं त्याला लागतं. खासगी वैमानिक परवाना, म्हणजे पीपीएल, हा स्वतःच्या आनंदासाठी उडवण्याचा. त्याला वय १७ आणि शिक्षण पुन्हा दहावीच. कला शाखेचा मुलगा, दुकान चालवणारी चाळिशीतली बाई, निवृत्त शिक्षक, कोणीही अर्ज करू शकतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही अट व्यावसायिक परवान्याची, म्हणजे सीपीएलची. तिथे वय १८ आणि उड्डाणाचे २०० तास लागतात. "सायन्स घेतलं नाही म्हणून विमान शिकता आलं नाही" असं हळहळत सांगणारी बरीच माणसं मला भेटतात. छंदासाठी शिकायचं तर सायन्स लागत नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पीपीएलवर पैसे घेऊन विमान चालवता येत नाही. तो नोकरीचा परवाना नाही.

पहिलं पाऊल: मेडिकल

एसपीएल आणि पीपीएल दोन्हींसाठी क्लास २ मेडिकल लागतं. ते कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरकडून चालत नाही. डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. यादी संकेतस्थळावर शहरवार आहे, मुंबई-पुण्यात असे डॉक्टर सहज मिळतात. आधी ई-जीसीए या पोर्टलवर स्वतःचं खातं उघडा आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज तिथूनच करा. रक्त-लघवीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कानांची ऑडिओमेट्री आणि नेत्रतज्ज्ञाचा अहवाल एवढं साधारण लागतं. डॉक्टरांनी अहवाल पाठवला की अंतिम निर्णय डीजीसीएचा वैद्यकीय विभाग देतो, आणि त्यांच्याकडून आलेलं असेसमेंट हाच खरा दाखला. डॉक्टर तोंडी "सगळं ठीक आहे" म्हणाले म्हणून लगेच फी भरायला जाऊ नका.

चष्मा असेल तर घाबरायचं कारण नाही. चष्म्यासह नजर ठरलेल्या मापात आली की चालतं, फक्त तशी नोंद होते. जुनं ऑपरेशन, दमा, फिट येण्याचा इतिहास यातलं काहीही लपवू नका. कागद खरे असतील तर तात्पुरतं अपात्र ठरवलं तरी उपचारानंतर पुन्हा तपासणीची वाट खुली राहते. खोटं उघडकीला आलं तर ती वाटही बंद होते.

पुढे कधी सीपीएल करायचा विचार मनात असेल तर क्लास २ नंतर क्लास १ मेडिकलही मोठी फी भरण्याआधीच करून घ्या. ते जास्त कडक असतं आणि हवाई दलाच्या ठरावीक वैद्यकीय केंद्रांत किंवा डीजीसीएने नेमलेल्या मोजक्या ठिकाणीच होतं. तारीख मिळायला वेळ लागतो.

नाव, आडनाव आणि कागद

मेडिकलनंतर सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडतात, आणि आपल्याकडे तर जरा जास्तच. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. त्यात इंग्रजी स्पेलिंग! एकीकडे सावंत डब्ल्यूने, दुसरीकडे व्हीने. माणसाला कळतं की दोन्ही एकच आहेत, पण पोर्टलला कळत नाही.

माझा सल्ला असा, की दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. बोर्डाचा कागद बदलणं सगळ्यात कठीण, आधार त्या मानाने सोपं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावं. हे मेडिकलचा अर्ज भरायच्या आधीच झालेलं बरं, कारण मेडिकलच्या फाइलवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच असावं लागतं.

एरवी लागणारे कागद नेहमीचेच: दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. बऱ्याच संस्था पोलीस पडताळणीचा दाखलाही मागतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुलांना सुरक्षा मंजुरी वेगळी लागते आणि तिला बराच वेळ जातो. सुट्टीत येऊन महिनाभरात शिकून जाऊ, असा बेत करू नका.

लेखी परीक्षांसाठी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो. हा तुमचा कायमचा परीक्षा क्रमांक. त्यासाठी गुणपत्रिका खरी असल्याची बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. राज्य मंडळाची नऊ विभागीय कार्यालयं आहेत, तुमचा निकाल ज्या विभागाचा तिथेच अर्ज करा. लातूर विभागाचा विद्यार्थी पुण्यात राहतो म्हणून पुण्याच्या कार्यालयात गेला तर एक फेरी फुकट जाते.

संस्था निवडताना

डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थांची यादी संकेतस्थळावर असते. २०२५ पासून डीजीसीए या संस्थांना श्रेणीही द्यायला लागलं आहे, तीही पाहा. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर, जळगाव ही नावं उड्डाण प्रशिक्षणाशी जोडलेली आहेत. बॉम्बे फ्लाइंग क्लब आपल्याकडचा जुना. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला परवाना मिळाला, तो याच क्लबमध्ये शिकून.

फोनवर फी विचारू नका, प्रत्यक्ष जा. हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानांपैकी आज किती उडाली ते विचारा. शिकणारी मुलं बाहेर चहा पीत बसलेली असतात, त्यांना विचारा की मागच्या महिन्यात तुमचे किती तास झाले. एवढ्यात संस्थेची अवस्था कळते. आणि पीपीएल हवा असेल तर "मला पीपीएलच हवा आहे" हे ठामपणे सांगा. बहुतेक ठिकाणी पूर्ण सीपीएलचं पॅकेज पुढे केलं जातं. ताशी दर, इंधनाचा अधिभार, लँडिंग शुल्क, राहण्या-खाण्याचा खर्च आणि मध्येच सोडल्यास परतावा, हे सगळं लेखी घ्या.

एसपीएलची तोंडी परीक्षा

एसपीएलसाठी संस्थेतच तोंडी परीक्षा होते. विषय चार: हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र, विमान आणि इंजिन. नंतर अर्ज संस्थेमार्फत ई-जीसीएवर जातो.

मुलं या तोंडी परीक्षेला उगाच घाबरतात. प्रश्न रोजच्या कामाचे असतात. रेडिओ बंद पडला आणि टॉवरवरून स्थिर हिरवा दिवा दाखवला तर? उतरायला परवानगी आहे. स्थिर लाल? दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल? विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. (इथे परत त्या ७४ आणि २१ ची आठवण येते.) दोन विमानं एकाच उंचीवर एकमेकांचा मार्ग छेदत येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान दिसतंय, त्याने वाट द्यायची.

इंजिनाच्या विषयात पुस्तकापेक्षा विमानाजवळ उभं राहून जास्त कळतं. उड्डाणाआधी पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढतात आणि आकाशाच्या उजेडात धरून बघतात. विमानाचं हे पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी वेगळा थेंब होऊन बसतं, कारण पाणी जड. तो थेंब एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी "इंधनात पाणी असेल तर काय होईल?" या प्रश्नाला कधीच अडखळत नाही.

एसपीएल हातात आल्यावर काय करता येतं

शिक्षकांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली एकट्याने उडता येतं, म्हणजे सोलो. ते फक्त भारताच्या हद्दीत आणि बाहेरचं स्वच्छ दिसत असतानाच. सोबत कोणालाही बसवता येत नाही, सामान किंवा पाळीव प्राणीही नेता येत नाही. पहिल्या सोलोनंतर मुलांना बहिणीला घेऊन एक चक्कर मारावीशी वाटते, पण एसपीएलवर ते चालत नाही.

एका गावाहून दुसऱ्या गावी एकट्याने जायचं, म्हणजे क्रॉस-कंट्री, तर आधी सोलोचे किमान १० तास पूर्ण हवेत आणि नियम, दिशादर्शन, हवामान या परीक्षा पास हव्यात. मुलं लेखी अभ्यास पुढे ढकलतात आणि मग दहा तास झाल्यावर जमिनीवर बसून राहतात. लेखी परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात.

मद्याबद्दल नियम कडक आहे. उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य, आणि श्वासचाचणी शिकणाऱ्यांचीही होते. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरून सकाळी हँगरवर जाऊ नका.

पीपीएलचे ४० तास

पीपीएलसाठी एकूण किमान ४० तास उड्डाण. त्यात किमान २० तास सोलो. त्या सोलोत किमान ५ तास क्रॉस-कंट्री, आणि त्यातलं एक उड्डाण किमान १५० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण २७८ किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं. ४० हा किमान आकडा आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणाऱ्यांना जास्त तास लागतात, कारण मध्ये खंड पडला की आधीचं पुन्हा करावं लागतं. बजेट आखताना ते धरा. आणि पावसाळा मध्ये येतो हेही विसरू नका. जूनपासून कित्येक दिवस ढग खाली असतात. शिकायला सुरुवात करायची तर ऑक्टोबर उत्तम.

याच काळात रेडिओ परवान्याची तयारी करा. पूर्वी या परवान्याची, म्हणजे आरटीआरची परीक्षा दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा घ्यायची, नव्या कायद्याने ते काम डीजीसीएकडे आलं. यात ठरलेल्या शब्दांत बोलून दाखवावं लागतं. भारतीय विमानाच्या नावाची सुरुवात 'व्हिक्टर टँगो' अशी, नऊला 'नाइनर', तीनला 'ट्री'. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना याची धास्ती असते. ती अनाठायी आहे, कारण वाक्यं ठरलेली असतात आणि महिनाभर रोज मोठ्याने म्हटली की तोंडात बसतात.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही पण आकाशाची ओढ आहे, त्यांनी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची चौकशी करावी. हे केंद्र डीजीसीएचंच. इंजिन नसलेलं ग्लायडर जमिनीवरच्या विंचने दोर ओढून वर चढवतात. उड्डाण काही मिनिटांचं, पण कंट्रोल हातात येतो तो तिथेच. सध्या उड्डाणं आणि प्रवेश चालू आहेत का, ते आधी विचारून जा. कामशेतचं पॅराग्लायडिंग हा वेगळा प्रकार. त्यातून वैमानिकाचा परवाना मिळत नाही.

अमेरिकेत राहणारी आपली माणसं तिथे पीपीएल करून येतात. तिथेही वय १७ आणि किमान ४० तास. ते तास इथे मोजता येतात, पण परवाना आपोआप चालत नाही, डीजीसीएकडे रूपांतराचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे तिथलं लॉगबुक, म्हणजे आपल्या उड्डाणतासांची वही, मूळ स्वरूपात, शिक्षकांच्या सह्यांसकट सांभाळा.

शेवटी कौशल्य चाचणी आणि पीपीएलचा अर्ज. मेडिकल चालू असावं, एसपीएल चालू असावा, परीक्षांचे निकाल, रेडिओ परवान्याचे कागद, चाचणीचा अहवाल आणि लॉगबुक जोडायचं. अलीकडच्या काळातला अनुभव पाहिला जातो, त्यामुळे तास पूर्ण झाल्यावर अर्ज रेंगाळत ठेवू नका. लॉगबुक रोजच्या रोज भरा. प्रत्येक पानाची बेरीज पेन्सिलने करून शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मगच शाईने लिहा. मुख्य प्रशिक्षकांच्या सहीआधी सोलो, ड्युअल (शिक्षकांसोबतचं उड्डाण) आणि क्रॉस-कंट्री या तिन्ही रकान्यांची बेरीज संस्थेच्या उड्डाण नोंदवहीशी जुळते का, ते बघा. एका मुलीच्या लॉगबुकात चुकून वीस मिनिटं दोनदा धरली गेली होती. तिचे एकूण तास भरले ३९ तास ४० मिनिटं, आणि तिला त्या वीस मिनिटांसाठी पुन्हा विमानात बसावं लागलं.